भडभुंजीचं तेल

आमच्या घरात भाकरी तव्यावर कधी टाकायची, हे घड्याळ सांगत नसे. घड्याळ होतं, पण ते बंद पडून भिंतीला शोभेपुरतं उरलं होतं. भाकरीची वेळ आमची जीप सांगायची. तिसगावच्या बाजारतळाकडून येणारा रस्ता आमच्या घराअलीकडच्या चिंचेला वळसा घालून एकदम काटकोनात वळायचा. सरळ रस्त्यानं जीप गरिबासारखी गप यायची आणि त्या वळणावर आली की मागच्या चाकांच्या मधून ‘कडड-कडड-कट-कट’ असा आवाज काढायची. तापल्या वाळूत फुटाणे टाकावेत, हुबेहूब तसा. तो ऐकला की मी थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायची. नाना, म्हणजे माझे वडील, जीप लावून, हातपाय धुऊन, कोनाड्यातल्या आरशात एकदा बघून पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगून ताटात पडलेली असायची. आरशात ते काय बघायचे हे मला कधी कळलं नाही. त्या चेहऱ्यात रोज बघण्यासारखं काही नव्हतं, आणि तोच चेहरा माझ्याकडे आला आहे म्हणून मी हे अधिकारानं सांगू शकते.

भाकरी मी थापायची याचं कारण असं की बाई घरात नव्हती. बाई म्हणजे माझी आई. आमच्याकडे आईला बाईच म्हणायचे. ती बेलापूरला मामाकडे गेली होती, आणि त्यालाही कारण ही जीपच होती. खरं म्हणजे म्हैस. बाईनं माहेरून आणलेल्या रेडीची वाढवून म्हैस केली होती. तिला नुसती हाक मारली तरी ती दावणीवरून मान वळवायची. माझी इतकी किंमत त्या म्हशीनं कधी केली नाही. एका बाजाराच्या दिवशी नाना तिला घेऊन गेले आणि काही दिवसांनी लष्कराच्या लिलावातून दोन-तीन हातांतून फिरत आलेली एक जीप घेऊन आले. तिसगाव-पाथर्डी शीटा भरायच्या, दोन पैसे मिळवायचे, असा त्यांचा हिशेब. म्हशीला विचारलं नाही हे एक वेळ ठीक, पण त्यांनी बाईलाही विचारलं नाही. दावण मात्र तिनं रोज झाडली, शेण नसताना.

पहिले काही दिवस जीप छान चालली. मग बबन मिस्त्री म्हणाला, “नाना, गाडी घरात आली, आता तिचं सगळं तेलपानी नवं करून टाकू.” बबन मिस्त्री हा गावातल्या सगळ्या इंजिनांचा डॉक्टर. त्याच्याकडे गियरच्या तेलाचं एक पिंप असायचं, नव्वद नंबरचं. ट्रॅक्टर येवो, टेम्पो येवो, सगळ्यांना त्याच पिंपातलं तेल. आमच्या जीपच्या मागच्या धुऱ्यात मधोमध एक लोखंडी गोळा होता, त्यात इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणारे दाते असतात. त्यातलंही जुनं तेल काढून त्यानं आपलं नवं भरलं, आणि तेव्हापासून वळणावरचा आवाज सुरू झाला. वाचताना तुम्हाला आता दोन आणि दोन चार दिसतायत. आम्हाला दिसले नाहीत. नवं तेल घातल्यावर काही बिघडतं, असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तेल म्हणजे चांगलंच, आणि नवं म्हणजे त्याहून चांगलं.

गावानं जीपचं नाव ‘भडभुंजी’ ठेवलं. शीटा भरलेल्या असायच्या, पण करंजी घाटातून नगरला जायची पाळी आली की म्हाताऱ्या माणसांचा धीर सुटायचा. “नाना, मागं कायतरी मोडतंय रं, थांब, आमी वळन चालत यितो,” म्हणत ती उतरायची, वळणभर पायी चालायची आणि पुढे पुन्हा चढायची. हळूहळू ती दुसऱ्यांच्या गाड्यांत बसू लागली. एकदा एका लग्नाहून परतताना बाई जीपमध्ये होती. वळण आलं तशी मागून कुणीतरी ओरडली, “उतरा गं बायांनो, भडभुंजीनं भट्टी पेटवली!” सगळी गाडी हसली. नानाही हसले. बाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली आणि दारात उभं राहून नानांना म्हणाली, “हिचा आवाज बंद हुईल तवा मला न्यायला या. हिच्यातच बसून यीन.”

मी तेव्हा आठवीत होते. त्या वयात माणूस सांगितलेल्या शब्दावर फार विश्वास ठेवतो. माझ्या लेखी प्रश्न अगदी सोपा होता: आवाज बंद, की बाई परत.

तोपर्यंत घर मला एकटीला सांभाळायचं होतं. शाळेतून आलं की कुलूप मीच काढायची आणि आत शिरताना ‘आले गं’ असं मोठ्यानं म्हणायची. उत्तर यायचं नाही. पण न म्हणता आत जायला भीती वाटायची. बाईच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे आठवून मी एकदा ते केले. तिचे शेंगोळे रश्श्यात मऊ व्हायचे, माझे दोरीच्या गाठीसारखे राहिले. पुढच्या वेळी पीठ सैल भिजवलं, तर सगळ्याचं माडगं झालं. नाना दोन्ही वेळा तितकंच जेवले आणि तितकंच बोलले, म्हणजे काहीच नाही. बोलायला कुणी नाही म्हणून मी भांड्यांशी बोलू लागले. तव्याला रागवायची, परातीची समजूत घालायची. ती सवय अजून गेलेली नाही. माझी सून परवा फोनवर तिच्या आईला सांगत होती, “मम्मी मिक्सरशी बोलतायत, मी नंतर करते.” आणि दिवसभर अशी गडबड करून संध्याकाळी मी उंबऱ्यात बसायची, चिंचेकडे कान लावून. आता बघा कशी गंमत. जो आवाज गेला तरच आई येणार होती, त्याच आवाजाची मी रोज वाट बघत होते. तो आला की घरात कुणीतरी आलं.

उपाय चालूच होते. नानांच्या वडिलांची बैलगाडी होती, आणि गाडीचं चाक कुरकुरलं की वंगण घालायचं, तरी कुरकुरलं तर आणखी जाड वंगण घालायचं, हे आमच्या घराण्याचं सगळं यंत्रशास्त्र. बबन मिस्त्रीचंही तेच. “आवाज करतंय म्हंजी तेल पातळ पडतंय. एकशेचाळीस नंबर घालू, मधावानी असतंय.” घातलं. सकाळच्या गारठ्यात भडभुंजी आधीपेक्षा जोरात तडतडली. मग कुणी म्हणालं, लाकडाचा भुसा टाका, दाते गप बसतात. टाकला. कुणी म्हणालं एरंडेल. तेही पाजलं. माझ्या पोटासाठी आणलेली बाटली होती ती, त्यामुळे त्या उपायाला माझा मनापासून पाठिंबा होता. प्रत्येक वेळी मी चिंचेखाली उभी राहायची, नाना बाजारतळापर्यंत जाऊन वळून यायचे, आणि मी डोळे मिटून मनात म्हणायची, न्हाई येनार, न्हाई येनार. कडड-कडड-कट-कट. नाना खिडकीतून नुसते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची.

शेवटी बबन मिस्त्रीनं हात टेकले. “आतलं दातंच गेलं आसंल. नगरला जाऊन जुना गोळा बघा एखादा. आन् तेल एकशेचाळीसच आना.” शाळेला सुट्टी होती, नानांनी मलाही बरोबर घेतलं. का, ते सांगितलं नाही. घाटातल्या प्रत्येक वळणावर ते माझ्याकडे तिरकं बघायचे, जणू आवाज मी करत होते.

नगरमध्ये जुन्या लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गल्लीत कासमशेठचं दुकान होतं. कासमशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, लोखंडाच्या ढिगाऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि त्यांच्यावर कुठे एक डाग नसायचा, कारण ते कशालाही हात लावत नसत. ते फक्त बोलत. नानांनी गोळा मागितला तसे ते म्हणाले, “कशाला? मेला का जुना? प्रेत बघितलं का?”

“आवाज करतोय.”

“सरळ रस्त्यावर का वळणावर?”

“वळनावरच.”

“मग गोळा मागायला कुठे आलात! जॅक काढा. आमच्याकडे सौदा नंतर, तपासणी आधी.”

भर गल्लीत पुढच्या चाकांना दगड लावून, जीप न्यूट्रलमध्ये टाकून, नानांनी गोळ्याखाली जॅक लावला आणि मागची दोन्ही चाकं अधांतरी केली. कासमशेठ खुर्चीतूनच म्हणाले, “पोरी, तू या बाजूचं चाक पुढं फिरव. नाना, तुम्ही पलीकडं बसा आणि बघा तुमचं चाक कुणीकडं जातंय ते.” मी सगळा जोर लावून चाक फिरवलं. ते दचके देत फिरलं. पलीकडून नानांचा आवाज आला, आणि इतका मोठा आवाज मी त्यांचा घरात कधी ऐकला नव्हता. “अगं, हे बी फिरतंय! तू फिरवतीस तिकडंच फिरतंय!”

कासमशेठनी टाळी वाजवली. “साध्या गाडीत हे चाक पुढं फिरवलं की ते मागं जातं. तुमचं दोन्ही एकाच बाजूला. ही साधी चीज नाही. साध्या गाडीचं एक चाक चिखलात घसरलं की सगळा जोर त्या चाकाकडं जातो, दुसरं उभं राहून तमाशा बघतं. तुमच्या गोळ्यात चकत्या आहेत. त्या दोघांना धरून ठेवतात. एक घसरलं तर दुसरं गाडी ओढतं. समजलं?”

“मग आवाज?”

“वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. तेवढ्यापुरतं त्या चकत्यांना एकमेकींवरून घसरता आलं पाहिजे. साधं तेल घातलं की त्या घट्ट धरतात, मग झटक्यानं सुटतात, पुन्हा धरतात. ती तुमची कटकट.”

“म्हंजी मोडलं न्हाई काय?”

“काही मोडलं नाही. भांडतायत.”

मग त्यांनी पोऱ्याला सांगून तीन डबे काउंटरवर मांडायला लावले. एक एकशेचाळीस नंबर, बबन मिस्त्रीचं. एक नव्वद नंबर, साधं. आणि तिसरंही नव्वदच, पण त्यात अशा चकत्यांसाठीचं औषध मिसळलेलं. “नंबर एकच, स्वभाव निराळा,” कासमशेठ म्हणाले. नानांनी तिन्हींत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून बघितलं, वास घेतला. मलाही घ्यायला लावला. तिन्हींना साठवणीच्या चाळीत सडलेल्या कांद्याचा वास येत होता. जाड तेलाच्या डब्याकडे नानांचा हात परत परत जात होता. ते त्यांच्या बोटांना ओळखीचं होतं, त्यांच्या बापाच्या बैलगाडीचं होतं. आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तूच सांग. कंचं घ्यायचं?”

आमच्या घरात नानांनी कुणाला काही विचारल्याचा हा पहिला प्रसंग. मी इतकी गोंधळले की आधी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का. मग मी म्हणाले, “तिसरं घ्या. शेठ म्हंत्यात ते.” माझ्या आयुष्यातला हा पहिला तांत्रिक सल्ला, आणि तोही दुसऱ्याचा.

घरी येऊन नाना आणि बबन मिस्त्रीनं गोळा उघडला, भुशाचा आणि एरंडेलाचा चिखल काढला, रॉकेलनं धुतला आणि वरच्या भोकातून तेल बाहेर सांडायला लागेपर्यंत नवं भरलं. बबन मिस्त्री तोंडानं बडबडत होता, “पातळ हाय नाना, लई पातळ हाय.” कासमशेठनी सांगितलं होतं की तेल चकत्यांच्या मध्ये शिरायला हवं, त्यासाठी मोकळ्या जागेत हळूहळू आठ काढा, लायसनच्या परीक्षेला काढतात तसे. म्हणून बाजार नसलेल्या दिवशी नानांनी रिकाम्या बाजारतळावर जीप आणली. मी शेजारी बसले. डावीकडून वळसा, उजवीकडून वळसा. कडड-कडड. पारावरची माणसं गोळा झाली. “नाना, कुनाला ववाळतोय रं?” “भडभुंजीला चक्कर आली!” नानांनी कुणाकडे बघितलं नाही. आठावर आठ काढत राहिले. आधी आवाज तसाच होता, मग मध्येच एखादं वळण गाळू लागला, मग नुसता एखादा ‘कट्’, आणि मग एका वळशाला काहीच नाही. आम्ही दोघं थांबलो. नानांनी पुन्हा एक आठ काढला. काहीच नाही. फक्त मातीवर टायर घासल्याची सरसर. “गेला,” नाना म्हणाले. मी रडायला लागले आणि नाना घाबरून म्हणाले, “काय झालं? वास लागला का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही नेवाशावरून बेलापूरला निघालो. मी बाईची आवडती हिरवी चटणी कुटून घेतली होती. नानांनी धुतलेला सदरा घातला होता आणि आरशात नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं होतं. उसातून जाणारे रस्ते, प्रत्येक वळणावर मी कान टवकारायची आणि गप्प जीपचा अभिमान बाळगायची. मामाच्या अंगणात आम्ही इतके बिनआवाजाचे शिरलो की बाई गोठ्यातून बाहेर आली ती शेणाचे हात घेऊनच.

“कवा आला? आवाज न्हाई आला.”

“तेच तर!” मी ओरडले. “बंद झाला! बाई, चल!”

तिनं हात धुतले, पाणी आणून दिलं, आणि विचारलं, “कशानं हुता?” मग नानांनी बोलायला सुरुवात केली. मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण ते. चकत्या, चाकं, चिखल, नव्वद नंबर, सगळं हातवाऱ्यांसकट. त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही राहवलं नाही. “आन् बाई, नानांनी मला इचारलं, कंचं तेल घ्यायचं!”

बाईनं नानांकडे बघितलं. “इचारलं व्हय?”

नानांचे हातवारे थांबले.

“तेलाला इचारलं,” बाई सावकाश म्हणाली. “म्हशीला न्हाई इचारलं.”

गोठ्यात काहीतरी हललं. तिथं एक काळीभोर रेडी बांधली होती, मामाकडून तिनं वाढवायला घेतलेली. बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तशी तिनं मान वळवली.

“वळनावर दोन चाकांना येगयेगळं पळू द्यावं लागतंय, आसंच ना?”

“व्हय,” नाना म्हणाले.

“मग मला बी पळू द्या जरा. मी काय सुटून चालले न्हाई. पर हे माजं वळन हाय.” आणि माझ्याकडे न बघता, “मला वाटलं हुतं ती गाडी काय गप बसायची न्हाई.”

तेव्हा मला उमगलं, की न्यायला या म्हणताना तिला जे कधीच होणार नाही असं वाटलं, तेच तिनं निवडून सांगितलं होतं. आम्ही ते करून बसलो होतो. मी तिच्या पदराला धरलं नाही. मी मोठी झाल्यासारखी चटणीचा डबा ओट्यावर ठेवला. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली, केस बांधून दिले, फार घट्ट बांधले. इथंच राहतेस का, असं तिनं विचारलं आणि मी नाही म्हणून मान हलवली. नाना जीपमध्ये एकटे बसलेले दिसत होते आणि ते स्टिअरिंगकडे बघत होते.

परतीचा रस्ता लांब होता आणि कुठल्याच वळणावर आवाज आला नाही. इतकं नीट तेल पडलं होतं.

बाई पुढे सणावारी येत राहिली. माझ्या लग्नात पहिल्या रांगेत बसली, सगळ्यांची विचारपूस केली आणि पाहुणीसारखी जेवली. तिच्या म्हशींचं दूध बेलापुरात अजून लोक आठवतात. तिला मी कधी दोष दिला नाही, आणि नानांनाही नाही. कुणाला द्यावा हे ठरत नव्हतं, असंही असेल.

पण मला सांगायचं आहे ते परतल्यानंतरच्या संध्याकाळचं. मी उंबऱ्यात बसले होते, परातीत भाकरी थापून. शीटा आता परत येतील म्हणून नाना पाथर्डीला गेले होते. अंधारून यायला लागलं. मी चिंचेकडे कान लावला होता, आणि नाना अचानक माझ्यासमोर उभे. जीप दारात. मला कळलंच नव्हतं. तवा गार, भाकरी परातीला चिकटलेली. मी धडपडत उठले, चूल फुंकली, भाकरी उचलताना मोडली. नाना पाटावर बसून वाट बघत राहिले. मोडकी भाकरी त्यांनी खाल्ली. मी पाठमोरी बसून डोळे पुसले आणि धुराचं निमित्त केलं. घरात कुणी येतं हे सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं, आणि ती शांतता मीच तीन डब्यांतून निवडून आणली होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा उंबऱ्यात. रस्ता दिसत होता तोवर बघितलं, मग दिसेनासा झाला. आणि चिंचेकडून, वळणावरून, एक आवाज आला. जीपचा नव्हे, जीपचा हॉर्न कधीच मेला होता. माणसाचा. घशाला सवय नसलेला, जरा फाटका, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

“मंदेऽऽ, टाक गंऽऽ!”

शेजारची रखमाकाकू हातातलं सूप सोडून बाहेर आली. “नानाला काय झालं गं?” मी आत पळाले आणि भाकरी तव्यावर टाकली. तेव्हा कळलं की इतके दिवस त्यांना ठाऊक होतं. कधी बोलले नव्हते, पण जीप वळली की इकडे भाकरी पडते, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं.

माझं लग्न होईपर्यंत ते रोज त्या वळणावर ओरडले. आळीतली पोरं माझी टिंगल करायची, शाळेत माझं नावच ‘टाक गं’ पडलं. मी चिडायची, नानांना म्हणायची, नका ना ओरडू. ते दुसऱ्या दिवशी ओरडायचेच. मी सासरी गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा रखमाकाकूनं सांगितलं, “तू गेलीस तरी वरडतोय बग अजून. घरात कोन न्हाई, कुलूप हाय दाराला, तरी वळनावर आला की वरडतोय. मग उतरून सोताच थापतोय.”